साठी, बुद्धी नाठी?

कामोठ्यात पूर्वी भाताची खाचरे होती. १९७० साली सिडको स्थापन झाली. पुढे जमिनी गेल्या, सेक्टर पडले, इमारती उभ्या राहिल्या. आता समजा, गावठाणातले एक आजोबा पहाटे उठतात. डोक्याला टॉवेल गुंडाळतात. "बांध फुटला, बघून येतो," म्हणून निघतात. शेत तर केव्हाच गेले! आजोबा सापडतात मानसरोवर स्टेशनपाशी. घर कोठे, ते त्यांना सांगता येत नाही. लोक म्हणतात, "म्हाताऱ्याला चळ लागला."

मंडळी, हा चळ नव्हे. भूतबाधा नव्हे. हा मेंदूचा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. भाकरीत मीठ घालायचे राहिले, तर ते वय. पण जन्मभर तांदळाची भाकरी थापलेल्या आजीला पीठ हाती घेऊन पुढे काय करायचे तेच सुचेना, तर डॉक्टरला दाखवावे. कधी कधी ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विसर पडतो, थायरॉइडमुळेही पडतो. त्यावर उपाय आहे. खऱ्या स्मृतिभ्रंशावर मात्र पूर्ण बरे करणारे औषध अजून नाही. तेथे औषधापेक्षा सांभाळ मोठा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज असा, की आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभर माणसांत सात जणांना हा आजार आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. आणि तितकीच घरे. त्या घरांत सांभाळ कोण करते? बहुधा सून, नाहीतर म्हातारी बायको. रात्री झोप नाही, दिवसा बाहेर पडता येत नाही. सुनेची नोकरी सुटते. तिचे कोणी नाव घेत नाही.

सरकार काय करते ते पाहू. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा झाला. मुले सांभाळत नसतील, तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. म्हाताऱ्या माणसाला स्वतः अर्ज करणे जमत नसेल, तर त्याने नेमलेली व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने करू शकते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. दवाखान्यात भरती झाल्यास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. १४५६७ या क्रमांकावर वृद्धांसाठी फुकट सल्ला मिळतो.

हे सर्व चांगलेच आहे. पण नीट पाहा. कायदा टाकून देणाऱ्या मुलाला धरतो. कार्ड भरती झालेल्या रोग्याला उपयोगी पडते. स्मृतिभ्रंशाचा रोगी तर वर्षानुवर्षे घरीच असतो, आणि त्याला मनापासून सांभाळणारी सून यांपैकी कशातच बसत नाही! आमच्या मते खरी उणीव येथे आहे.

ही उणीव भरता येते. केरळ राज्याने २०१४ साली स्मृतिभ्रंशासाठी वेगळी योजना काढली. रोग्याला दिवसभर सांभाळणारे केंद्र काढले. लहान मुलांची बालवाडी असते ना, तसेच. सकाळी पोचवावे, संध्याकाळी आणावे. जपानची गोष्ट आणखी वेगळी. तेथे या आजाराचा जुना शब्द 'खुळेपणा' अशा अर्थाचा होता. २००४ साली सरकारने तो शब्दच बदलला. मग दुकानदार, बँकेतले कारकून, शाळकरी मुले यांचे सुमारे दीड तासाचे वर्ग घेतले. वाट चुकलेला म्हातारा दिसला तर त्याच्याशी कसे बोलावे, हे शिकवले. असे एक कोटीहून अधिक लोक शिकले. आपल्याकडे अजून 'साठी, बुद्धी नाठी' म्हणून हसतात. आम्हांस ती म्हण मुळीच आवडत नाही.

आता तुम्हांला लिहिता येते. तेव्हा दोन कामे करा. घरी असे कोणी असेल, तर कापडाच्या पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने नाव, पत्ता व घरचा फोन लिहा. पट्टी सदऱ्याच्या आत शिवून टाका. चिठ्ठी खिशात ठेवू नका, ती धुण्यात जाते.

दुसरे काम अर्जाचे. कामोठे २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. तेव्हा अर्ज आयुक्तांच्या नावे करावा. असा लिहा :

"मा. आयुक्त, पनवेल महानगरपालिका यांस. आमच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रोगी आहे. घरचे माणूस कामास जाऊ शकत नाही. कामोठे येथे अशा रोग्यांना दिवसा सांभाळणारे केंद्र सुरू करावे, ही विनंती."

खाली सही करा. अंगठा नको. तारीख घाला. शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, दहा झाल्या तर उत्तम. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक खिडकीवर द्या. दुसरीवर शिक्का मारून घ्या आणि ती घरी जपून ठेवा.