दूरच्या बेटाचे अंदाजपत्रक

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' असे आपण म्हणतो. कन्नड विभागातील माझे मित्रही 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' असे म्हणून नेमका हाच उपदेश करतात. दोन्ही भाषांचे शहाणपण एकच आहे. पण अंथरूण केवढे आहे हे मोजायचे कसे, ते मात्र कोणतीच म्हण सांगत नाही. ते काम वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचे आहे, असे समजून हा लेख लिहीत आहे.

मला पहिला धडा मालवणला मिळाला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघे मित्र सिंधुदुर्ग किल्ला पाहायला गेलो. हिशेब अगदी काटेकोर होता. जाण्यायेण्याचे एस. टी. भाडे, होडीचे भाडे, दोन वेळचे जेवण, शिल्लक शून्य! मालवणला पोहोचलो तर वारा सुटलेला आणि होड्या बंद. किल्ला डोळ्यांसमोर, पण मध्ये खवळलेला समुद्र. 'एवढे आलोच आहोत तर उद्या पाहू' म्हणून मुक्काम केला आणि परतीचे भाडे जेवणाखाण्यात गेले. शेवटी खानावळीच्या मावशींनी विश्वासाने उसने पैसे दिले, म्हणून घरी पोहोचलो. ते पैसे आम्ही लगेच परत पाठवले. पण आमचा जमाखर्च कुठे चुकला, हा प्रश्न मनातून गेला नाही.

पुढे वर्गात 'अंदाजपत्रकीय नियंत्रण' हा भाग शिकवताना सरांनी प्रत्येकाला एकेक अंदाजपत्रक तयार करायला सांगितले. कोणी किराणा दुकान निवडले, कोणी बेकरी. मी निवडला पॅसिफिक महासागरातील तुवालू हा देश. सारे हसले. पण मी थट्टा करीत नव्हतो. शिकवण्यांच्या पैशांतून पिग्मी खात्यात जी रक्कम साठत आहे, ती कधीतरी अशाच प्रवासासाठी वापरायची, असे मी ठरवले आहे.

देश आणि वाट

तुवालू म्हणजे नऊ लहान बेटांचा देश. जमीन अवघी २६ चौरस किलोमीटर, वस्ती दहा-अकरा हजारांची, आणि सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून पाच मीटरांच्या आत. पूर्वी 'एलिस बेटे' या नावाने इंग्रजांच्या अमलाखाली असलेला हा प्रदेश १ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वतंत्र झाला. 'तुवालू' या शब्दाचा अर्थ 'एकत्र उभे असलेले आठ' असा आहे. कारण नवव्या बेटावर पूर्वी कायमची वस्ती नव्हती. राजधानी फुनाफुटी. तेथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली अमेरिकन सैन्याने बांधली. विमान नसते तेव्हा संध्याकाळी मुले तिच्यावर फुटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळतात. विमान यायच्या वेळी भोंगा वाजतो आणि मैदानाचा पुन्हा विमानतळ होतो.

आपल्याकडून जाण्याची सोयीची वाट अशी: मुंबई किंवा बंगळूरहून सिंगापूर, तेथून फिजीतील नाडी, नाडीहून मोटारबसने सुवा आणि सुवाजवळच्या नौसोरी विमानतळावरून लहान विमानाने फुनाफुटी. हा शेवटचा टप्पा सुमारे १,१०० किलोमीटरांचा आहे, आणि विमान आठवड्यातून काही दिवसच जाते. फिजीत १८७९ ते १९१६ या काळात करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे बसमध्ये वा बाजारात हिंदी कानी पडते. तिच्या पुढे मात्र आपली ओळख संपते. तुवालूत तुवालुअन आणि इंग्रजी या दोनच भाषा कामी येतात.

खर्चाची चार कलमे

मी खर्चाचे चार रकाने पाडले.

(१) स्थिर खर्च: विमानाची तिकिटे, पासपोर्ट, व्हिसा, विमा. तुम्ही तेथे चार दिवस राहा वा दहा, हा बदलत नाही. व्हिसाचे नियम बदलत असतात. म्हणून ज्या ज्या देशात उतरायचे, तेथील अधिकृत कार्यालयाचे उत्तर हाती आल्यावरच तिकीट काढावे, आधी नव्हे.

(२) दिवसागणिक खर्च: मुक्काम आणि जेवण. खर्च खरा वाचवायचा तो येथे. फुनाफुटीत मोठ्या हॉटेलांची गर्दी नाही. घरगुती अतिथिगृहे आहेत. मात्र खोली आधी पक्की केल्यावाचून निघू नये. तेथे भात, मासे आणि नारळ हे मुख्य अन्न. खड्डे खणून लावलेला 'पुलाका' नावाचा कंद खातात. तो आपल्या अळूच्याच कुळातला. जमीन खारी आणि वालुकामय असल्याने भाजीपाला दुर्मीळ, आणि बराचसा माल जहाजाने येत असल्याने महाग. शाकाहाऱ्याने ही गोष्ट आधीच हिशेबात धरावी. घरून चटणी वा कोरडा फराळ न्यायचा तर बंद पाकिटातला न्यावा, आणि उतरताना अधिकाऱ्यांना आपणहून दाखवावा.

(३) फिरण्याचा खर्च: मुख्य बेट इतके अरुंद आहे की पायी फिरता येते. सर्वांत रुंद जागाही सुमारे चारशे मीटर. त्यामुळे गाडीभाड्याची तरतूद फारशी लागत नाही. एक दिवस होडीने खाडीपलीकडच्या संरक्षित क्षेत्रात जावे. १९९६ साली राखून ठेवलेल्या या ३३ चौरस किलोमीटरांच्या टापूत सहा निर्जन बेटे, प्रवाळ आणि समुद्रपक्षी आहेत. बाहेरच्या बेटांकडे जाणारी जहाजे ठरल्या दिवशी परततीलच असे नाही. मोजके दिवस असलेल्याने तो मोह टाळावा.

(४) आकस्मिक निधी: मालवणला आमच्या कागदावर हा रकानाच नव्हता.

सुरक्षितता हेही कलमच

तुवालूत चोराची भीती फारशी नाही. भीती आहे ती अंतराची. देशात एकच रुग्णालय आहे, आणि गंभीर रुग्णाला परदेशी, बहुधा फिजीला न्यावे लागते. म्हणून विमा घेताना त्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे की नाही, ते कलम स्वतः वाचावे. नेहमीची औषधे दुप्पट न्यावीत. डासांपासून डेंग्यू होतो, म्हणून मलमही न्यावे. नद्या नाहीत, लोक पावसाचे पाणी टाक्यांत साठवून वापरतात. २०११ साली दुष्काळामुळे तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली होती. तेव्हा पाहुण्याने पाणी उकळून प्यावे आणि बेताने वापरावे.

नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ. १९७२ सालच्या 'बेबे' वादळाने फुनाफुटीची दाणादाण उडवली, आणि मार्च २०१५ मध्ये 'पाम' वादळाच्या लाटांनी देशाला झोडपले. म्हणून मे ते ऑक्टोबर हा काळ निवडावा. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. तेथे पैसे काढण्याचे पहिले यंत्र एप्रिल २०२५ मध्ये बसले. तरी केवळ यंत्राच्या भरवशावर न जाता रोख रक्कम न्यावी, आणि ती तीन ठिकाणी विभागून ठेवावी. सुवा येथील भारतीय उच्चायुक्तालयाकडेच तुवालूचेही काम आहे. त्याचा पत्ता आणि आपला कार्यक्रम घरी लिहून ठेवावा.

रविवार हा तेथे प्रार्थनेचा व विश्रांतीचा दिवस. गावात अंगभर कपडे घालावेत, आणि फोटो काढण्यापूर्वी विचारावे. आपल्या गावात पाहुण्याने जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच.

ताळेबंद

समजा, दिवसाचा खर्च १०० डॉलर धरला आणि मुक्काम सात दिवसांचा ठरवला. तर खर्च ७०० डॉलर. आता विमान रद्द झाले आणि पुढचे चार दिवसांनी मिळाले. खर्च १,१०० झाला. शिवाय सुवाहून पुढचे विमान चुकले, तर ते तिकीट नव्याने काढावे लागेल. म्हणजे आकस्मिक निधी हा 'उरले तर ठेवू' असा नसतो. जादा चार दिवसांचा खर्च अधिक एक परतीचे तिकीट, एवढा तो आधीच बाजूला काढायचा, आणि मगच उरलेल्या पैशांत सहल बसते का ते पाहायचे. परतीच्या वाटेवर सुवाला दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. त्यांचे भाडे पडते, पण चुकलेल्या विमानापेक्षा ते स्वस्त.

सरांनी माझ्या अंदाजपत्रकाला बरे गुण दिले. घरी बाबांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि एकच विचारले, "पिग्मीतून तिकीट निघेल, राहणे-जेवणही निघेल. पण हा चौथा रकाना कशातून भरणार?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजच्या शिलकीत पहिली तीन कलमे कशीबशी बसतात. चौथे बसत नाही.

मालवणला असताना मी म्हटले असते, 'होईल काहीतरी!' पण तेथे खानावळीच्या मावशी होत्या, आणि त्यांना आमची भाषा कळत होती. फुनाफुटीत अडलो तर माझा भार दहा-अकरा हजार वस्तीच्या, पाणीही जपून वापरणाऱ्या लोकांवर पडेल. तसा पाहुणा मला व्हायचे नाही. म्हणून यंदा जाणे नाही. पिग्मी चालू आहे, कागद जपून ठेवला आहे, आणि त्यातला चौथा रकाना आता मी सर्वांत वर लिहिला आहे.