नऊ चौकश्या आणि एक हातोडा

प्रश्न : ‘यॉर्कशायर रिपर’ पीटर सटक्लिफची पोलिसांनी नऊ वेळा चौकशी केली होती, असं वाचलं. मग तो पाच वर्षं मोकळा कसा राहिला? आणि शेवटी सापडला कसा?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. उत्तर इंग्लंडमध्ये १९७५ ते १९८० या काळात सटक्लिफने १३ बायकांचा जीव घेतला, ७ जणींवर जीवघेणे हल्ले केले. ब्रॅडफर्डचा हा लॉरीचालक पोलिसांना अनोळखी नव्हता. १९७७ साली मँचेस्टरमध्ये खून झालेल्या एका बाईच्या पर्समध्ये पाच पौंडांची कोरी नोट मिळाली. नंबरावरून माग काढल्यावर ती ब्रॅडफर्ड भागातल्या पगारवाटपातली निघाली. ती मिळू शकली असती अशा सुमारे ८ हजार कामगारांत सटक्लिफ होता. पोलीस घरी आले, ‘मी घरीच होतो’ असं त्याने सांगितलं, घरच्यांनी दुजोरा दिला. विषय तिथेच मिटला.

लीड्सच्या मिलगार्थ ठाण्यात सगळ्या नोंदी हाताने लिहिलेल्या कार्डांवर होत्या. गाड्यांची कार्डं एकीकडे, जबाबांची दुसरीकडे. एकाच माणसाची सगळी कार्डं शेजारी ठेवून कुणी पाहिलीच नाहीत.

त्यात जून १९७९ मध्ये तपासप्रमुख जॉर्ज ओल्डफिल्ड यांच्याकडे एक कॅसेट आली. स्वतःला ‘जॅक’ म्हणवणाऱ्या त्या माणसाची बोली संडरलँडकडची होती. ओल्डफिल्डनी तोच खुनी मानला आणि ज्याची बोली वेगळी, तो संशयातून सुटू लागला. त्याच उन्हाळ्यात अँड्र्यू लॅपट्यू या पोलिसाने सटक्लिफवर संशय घेणारा अहवाल दिला होता, तो फायलीत पडून राहिला. कॅसेट आल्यानंतर आणखी तीन जणी मारल्या गेल्या. कॅसेट खोटी होती. ती पाठवणारा २००५ मध्ये लिफाफ्यावरच्या लाळेच्या डीएनएवरून सापडला.

तरी माझ्या मते सर्वांत मोठी चूक कार्डांची नाही, कॅसेटचीही नाही. वाचलेल्या बायकांनी हल्लेखोराचं वर्णन केलं होतं. १९७५ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलीच्या सांगण्यावरून तयार केलेला चेहरा तर सटक्लिफशी चांगलाच जुळत होता. पण हा माणूस वेश्यांनाच मारतो, हे पोलिसांनी मनाशी पक्कं धरलं होतं. मग शाळकरी मुलीचं सांगणं या तपासाशी कोण जोडणार?

तो सापडला २ जानेवारी १९८१ च्या रात्री, शेफिल्डमध्ये, गाडीच्या खोट्या नंबरप्लेटमुळे. गस्तीवर सार्जंट रॉबर्ट रिंग आणि कॉन्स्टेबल रॉबर्ट हाइड्स होते. त्यांच्यादेखत तो लघवीच्या निमित्ताने अंधारात गेला होता. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आल्यावर त्याला अजून सोडलेलं नाही हे रिंगना कळलं, आणि त्यांना तो कोपरा आठवला. ते परत गेले. तेलाच्या टाकीमागे हातोडा आणि सुरा पडला होता. पाठोपाठ सटक्लिफने कबुली दिली.

त्याला २० जन्मठेपा झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये तो मेला, आणि तेव्हा वेस्ट यॉर्कशायर पोलिसांनी, मारल्या गेलेल्या बायकांविषयी त्या काळी वापरलेल्या भाषेबद्दल त्यांच्या घरच्यांची जाहीर माफी मागितली.