सर्पगंधेचें मूळ आणि रसायनशास्त्रज्ञाचें काम

वनस्पतींत औषधी गुण असतात हें आजीबाईच्या बटव्यामुळें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु “या मुळीनें गुण येतो” असें म्हणणें निराळें, आणि “या मुळींतील अमुक द्रव्यानें, अमुक मात्रेंत, अमुक कारणानें गुण येतो” असें सिद्ध करणें निराळें. या दोहोंमधील अंतर किती मोठें आहे, तें सर्पगंधेच्या इतिहासावरून चांगलें समजतें.

सर्पगंधा हें एक लहानसें झुडूप आहे. त्याचें मूळ सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर आपल्या देशांत पुरातन काळापासून देत आले आहेत. बिहारांत तर त्यास ‘पागल की दवा’ असेंच म्हणत.

या मुळाचें पृथक्करण डॉ. सलीमुज्जमान सिद्दिकी (१८९७–१९९४) यांनीं हातीं घेतलें. १९२७ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें डॉक्टरेट मिळवून ते परत आले व दिल्लीस हकीम अजमलखान यांच्या तिब्बिया कॉलेजांत संशोधन करूं लागले. १९३१ सालीं त्यांनीं एका सहकाऱ्यासह आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांत या मुळांतील पांच अल्कलॉइडांचें वर्णन होतें. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतींत आढळणारें नायट्रोजनयुक्त द्रव्य. तें अल्कलीप्रमाणें अम्लाशीं संयोग पावून क्षार बनवितें. याच गुणधर्माच्या साह्यानें त्यास इतर द्रव्यांपासून वेगळें करतां येतें. मुळाचें चूर्ण मद्यार्कांत भिजवावयाचें, मद्यार्क उडवून लावावयाचा व उरलेल्या अर्कांत सौम्य अम्ल घालावयाचें. मग अल्कलॉइड पाण्यांत उतरतात आणि राळेसारखा चिकट भाग मागें राहतो. सिद्दिकी यांना मिळालेल्या पांच द्रव्यांपैकीं तीन वर्णहीन व दोन पिवळीं होतीं. आपल्या दिवंगत आश्रयदात्याच्या स्मरणार्थ त्यांनीं पहिल्या तिहींस अजमलीन, अजमलिनीन व अजमलिसीन अशीं नांवें दिलीं. पिवळ्या दोहोंस सर्पेंटीन व सर्पेंटिनीन म्हटलें.

काम येथेंच संपलें असें कोणास वाटेल. परंतु त्याच वर्षीं कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं नमूद केलें कीं, सबंध मुळाच्या चूर्णानें रक्तदाब उतरतो व क्षुब्ध रोगी शांत होतो. हा गुण नव्या शुद्ध स्फटिकांत मात्र पुरतेपणीं सांपडेना. मग तो होता कोठें? पुढें कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांस निद्राकारक गुण राळेच्या भागांतही आढळला. १९४९ सालीं मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर या मुळाचा प्रयोग करून आपले निष्कर्ष इंग्लंडांतील हृद्रोगविषयक नियतकालिकांत छापले, आणि पाश्चात्य संशोधकांचें लक्ष इकडे वळलें. अखेर १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथें म्युलर, श्लिटलर व बाइन यांनीं त्या राळेच्या भागांतूनच ‘रिझर्पीन’ नांवाचें द्रव्य वेगळें काढलें. तेंच सर्पगंधेचें मुख्य बळ होय!

रिझर्पीन कार्य तरी कसें करतें? मज्जातंतूंच्या टोकांशीं असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत नॉरॲड्रेनलीन सांठविलेलें असतें. त्याच्या योगें रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. रिझर्पीन त्या पिशव्या भरूंच देत नाहीं. सांठा रिता झाला कीं वाहिन्या सैल पडतात व रक्तदाब उतरतो. मेंदूंतील अशाच द्रव्यांचा सांठाही त्यामुळें घटतो. म्हणून मन शांत होतें, पण मात्रा अधिक झाल्यास खिन्नताही येते. याच कारणानें आज त्याचा उपयोग क्वचितच करतात.

म्हणून सिद्दिकींचे श्रम वायां गेले काय? मुळींच नाहीं. अजमलीन हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर उपयोगी ठरलें, व हृदयाच्या एका आनुवंशिक विकाराच्या परीक्षेंत तें आजही वापरतात. शिवाय सर्पगंधेच्या आधुनिक रसायनाचा पाया त्यांनींच घातला.

यावरून घ्यावयाचा धडा असा कीं, स्फटिक शुद्ध निघाला म्हणजे औषध सांपडलें असें नव्हे; त्याची खरी पारख जिवंत देहावरच होते. आणि ज्यास आपण गाळ समजून बाजूस सारतों, त्यांतही कधीं कधीं सत्य दडलेलें असतें. प्रयोगशाळेंत काम करतांना बशीच्या तळाशीं उरलेलें ओतून देण्यापूर्वीं सर्पगंधेची ही गोष्ट अवश्य आठवावी.