आवाज कमी की खरखर जास्त? लॅपटॉपसाठी हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर निवडताना

हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर लॅपटॉपमधून निघणारा क्षीण विद्युतसंकेत हेडफोनला पुरेल इतका वाढवतो. त्याचे काम एवढेच. मुळातल्या ध्वनिमुद्रणातली खरखर तो काढत नाही आणि माइकपासून लांब बोललेले वाक्य जवळ आणत नाही. खरेदीतली बहुतेक निराशा इथूनच सुरू होते.

चंद्रपूर-गडचिरोलीत या उपकरणाची गरज मुख्यतः ऐकून लिहिणाऱ्यांना पडते. झाडीपट्टीची रात्रभर रंगणारी नाटके, भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गोष्टी आणि गाणी, ताडोब्याच्या परिसरातले पक्ष्यांचे आवाज हे सारे बहुधा मोबाइलवर किंवा छोट्या रेकॉर्डरवर टिपले जाते. मग घरी लॅपटॉपवर तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकून कागदावर उतरवावे लागते. उघड्या मैदानातल्या मुद्रणात वारा, जनरेटर, रातकिडे आणि प्रेक्षक सगळेच असतात. अ‍ॅम्प्लिफायर लावला की शब्दांबरोबर हेही तितकेच मोठे होते.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी दुखणे कुठे आहे ते शोधावे. चांगले मुद्रित झालेले एखादे गाणे त्याच हेडफोनवर लावावे. आवाज निम्म्यावर ठेवूनही ते भरपूर ऐकू आले, तर लॅपटॉप आणि हेडफोन दोन्ही ठीक आहेत. दोष मुद्रणाच्या पातळीत आहे. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्राममध्ये ती पातळी वाढवता येते, वाऱ्याची खालच्या पट्टीतली घरघरही बरीच छाटता येते. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवावी.

दुसरी चाचणी चार्जरची. गुणगुण ऐकू येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐकावे. गुणगुण थांबली, तर ती विजेच्या बाजूने येत आहे. गावाकडच्या अनेक घरांत अर्थिंग नीट नसते, आणि स्वस्त इन्व्हर्टरचा प्रवाहही स्वच्छ नसतो. अशा वेळी नेमक्या कामाचा वेळ बॅटरीवर काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आवाज खरोखरच कमी पडत असेल, तर हेडफोनचे दोन आकडे पाहावेत: ओममधला रोध आणि १ मिलिवॉटला किती डेसिबल ही संवेदनशीलता. लॅपटॉपच्या जॅकमधून १ व्होल्ट मिळतो असे धरले, तर ३२ ओमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॉट मिळतात. त्याची संवेदनशीलता १०० डेसिबल असेल तर आवाज ११५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे कानाला धोका होईल इतका. अशा हेडफोनला अ‍ॅम्प्लिफायर नकोच. २५० ओमच्या स्टुडिओ हेडफोनला त्याच १ व्होल्टवर फक्त ४ मिलिवॉट मिळतात. मुद्रण हळू असेल तर तिथे वाढीव ताकद उपयोगी पडते.

किफायतशीर उपकरणांचे दोन प्रकार आढळतात. एक बॅटरीवरचा, जो लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटर जॅकला जोडतात. तो जॅकमधून जे येते तेच वाढवतो. माउस हलवताना येणारी चिरचिरसुद्धा. दुसरा यूएसबीला जोडायचा डोंगल. त्यात डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉग विद्युतसंकेतात रूपांतर करणारी चिप (डॅक) आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असतात, त्यामुळे लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डचा गोंगाट टळतो. चार्जरची गुणगुण मात्र यानेही प्रत्येक वेळी जाईलच असे नाही. तरी लिहिण्याच्या कामाला हा दुसरा प्रकारच घ्यावा.

इथल्या हवेत त्याचे आणखी एक कारण आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्याची नेहमीची वरची मर्यादाही ४५ अंशच आहे. बंद गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी फुगू शकते, लवकर निकामी होते. यूएसबीवर चालणाऱ्या डोंगलला स्वतःची बॅटरीच नसते. पावसाळ्यात तो आणि हेडफोनची पिन सिलिका जेलची पुडी घातलेल्या डब्यात ठेवावी. दमटपणाने पिनेवर गंज चढला की एका कानातला आवाज ये-जा करू लागतो.

यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटर अशी साधी दिसणारी जोडणी घेताना विशेष जपावे. काहींमध्ये चिप नसते, केवळ तारा असतात. अशी जोडणी काही मोबाइलवर चालते, बहुतेक लॅपटॉपवर नाही. वर्णनात डॅक असल्याचा स्पष्ट उल्लेख असेल तरच घ्यावी. अ‍ॅपलच्या छोट्या जोडणीत ही चिप आहे. साधारण हेडफोनला ती पुरते, पण तिची तार नाजूक आहे.

खोक्यावरच्या ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ या आकड्यांसाठी जादा पैसे देऊ नयेत. मोबाइलचे मुद्रण बहुधा ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झचे असते आणि त्यात नसलेला तपशील कोणताही डोंगल निर्माण करत नाही. ताकद मिलिवॉटमध्ये दिली असेल तर किती ओमवर, हे विचारावे. त्याशिवाय तो आकडा निरर्थक आहे. उपकरणाचा स्वतःचा रोध हेडफोनच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा, म्हणजे ३२ ओमला ४ ओमच्या आत. गेनची, म्हणजे संकेत किती पट वाढवायचा याची, कळ असल्यास ती कमीवर ठेवूनच सुरुवात करावी. संवेदनशील इअरफोनला जास्त गेन दिला की शांत जागीही सूं असा आवाज येत राहतो.

तासन्‌तास ऐकणाऱ्याने कानांचा हिशोब ठेवलाच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की हा वेळ निम्मा होतो. हेडफोन कानाला लावण्याआधी आवाज शून्यावर आणावा, मगच हळूहळू वाढवावा.

वस्तू ऑनलाइन मागवली तर आल्या दिवशीच आपल्याच लॅपटॉपवर, आपल्याच हेडफोनने, चार्जर लावून आणि काढून तपासावी. आतल्या तालुक्यांत परतीसाठी माणूस सर्वत्र येत नाही आणि परत करण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. ती सोय आपल्या पिनकोडवर आहे का, हे मागवण्याआधीच पाहावे.