वाळूवरची हिरवळ : एका सहलीचे फोटो आणि त्यांतले पदार्थविज्ञान



आमचे सास्तूर धाराशिव जिल्ह्यात, समुद्रापासून फार दूर. इथल्या बहुतेक मुलांनी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे माकणीचे धरण. गेल्या हिवाळ्यात आम्ही झाडाझुडपांची आवड असणारी सात-आठ मंडळी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे एका बाजूला वाळूचा लांब किनारा आणि सुरूचे बन आहे, तर दुसऱ्या बाजूला काजळी नदीची खाडी आहे. मी शिकवतो पदार्थविज्ञान, त्यामुळे वनस्पती ओळखण्यात त्या मंडळींत मीच सर्वांत कच्चा!

परत आल्यावर काढलेले फोटो मी मंडळींना पाठवले आणि एका दुपारी सास्तूरच्या मुलांना भिंतीवर दाखवले. मंडळींनी विचारले, ‘हे कोणते झाड?’ मुलांनी विचारले, ‘हे असे का?’ दुसऱ्या प्रश्नांची उत्तरे शोधताना माझीच चांगली उजळणी झाली. चला, तेच फोटो आता आपण क्रमाने पाहू.

फोटो पहिला : मर्यादवेल

वाळूवर पसरलेली हिरवी जाळी आणि तीत जांभळट गुलाबी, कर्ण्याच्या आकाराची फुले. पान पाहून एक मुलगी लगेच म्हणाली, “सर, हे तर दसऱ्याचे सोने!” तिचे निरीक्षण अचूक होते. या पानालाही आपट्याच्या पानासारखीच मधोमध खाच असते. मात्र आपटा वेगळ्या कुळातला. मर्यादवेलीचे फूल नीट पाहा. ओढ्याकाठच्या बेशरमीचे किंवा रताळ्याचे फूल आठवले ना? ही तिन्ही एकाच कुळातली भावंडे आहेत. पानावरून फसगत होते, ती अशी फुलावरून सुधारता येते.

समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ही वेल सुरू होते, म्हणून हे नाव. तिच्या खोडाला पेऱ्या-पेऱ्याला मुळे फुटतात. एका जागची वाळू वाऱ्याने उडाली तरी पुढच्या पेऱ्याची मुळे वेलीला धरून ठेवतात. पाने जाड आणि गुळगुळीत असल्यामुळे खाऱ्या तुषारांचा त्रास कमी होतो. तिच्या बिया पाण्यावर तरंगतात आणि लाटांबरोबर दूरच्या किनाऱ्यांवर जाऊन रुजतात. म्हणूनच ही वेल जगातील उष्ण प्रदेशांच्या बहुतेक किनाऱ्यांवर आढळते.

आता पदार्थविज्ञानाकडे वळू. वारा वाळू कशी उडवतो, याचा अभ्यास राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वाळवंटात आणि प्रयोगशाळेत केला व १९४१ साली त्यावर पुस्तक लिहिले. वाळूचा कण धुळीसारखा हवेत तरंगत राहत नाही. तो उडी मारतो, खाली आपटतो आणि आपटताना दुसऱ्या कणांना उडवतो. वारा पुरेसा जोराचा असेल तर त्याची वाळू वाहून नेण्याची क्षमता ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर वाळू २ × २ × २ = ८ पट!

हेच गणित उलटे करून पाहा. वेलीच्या पानांमुळे जमिनीलगतचा वारा निम्म्या वेगाचा झाला, तर तो सुमारे एक अष्टमांशच वाळू नेऊ शकेल. बाकीची तिथेच पडेल. वाळू साचते, वेल तिच्यावर चढते, पुन्हा वाळू साचते. अशा रीतीने वाळूची टेकडी तयार होते आणि तिच्यामागची घरे, विहिरी व वाड्या वाऱ्यापासून आणि मोठ्या लाटांपासून काही प्रमाणात सुरक्षित राहतात. माझ्या एका फोटोत गाडीच्या चाकांखाली वेल चिरडून पडलेली चाकोरी दिसते. दोन्ही बाजूंना वाळू उंच आहे आणि चाकोरीत खळगा पडला आहे. वेलीने किती काम केले होते, हे तिच्या नसण्यावरूनच कळते.

फोटो दुसरा : सुरू

हा फोटो पाहून सर्वांनी ‘पाइनचे झाड’ असे उत्तर दिले. ते चुकले. सुरूच्या ज्या हिरव्या ‘सुया’ दिसतात ती पाने नसून बारीक फांद्या असतात. एक सुई दोन्ही टोकांना धरून हळूच ओढली की ती सांध्याशी तुटते. सांध्याभोवती दिसणारे इवलेसे दाते हीच खरी पाने. पानांचा पृष्ठभाग इतका लहान असल्यामुळे पाणी कमी उडून जाते.

हे झाड मूळचे आपले नाही. ते आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचे असून, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्याची लागवड एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन वापरण्याजोगा करून देतात, म्हणून ते निकस वाळूतही वाढते. पण त्याच्या सुयांचा जाड थर जिथे पडतो तिथे मर्यादवेलीसारखी झाडे फारशी दिसत नाहीत. म्हणजे वाऱ्याला आडोसा हवा म्हणून सगळीकडे सुरूच लावावा, असेही नाही.

फोटो तिसरा : खाडीतले तिवर

चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी शेकडो टोके वर आलेली दिसतात. ही तिवराची श्वसनमुळे आहेत. चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून मुळे जमिनीबाहेर डोके काढून हवा घेतात. अशा खाडीतल्या झाडांना आपण खारफुटी म्हणतो. पांढरी चिप्पी ही त्यांपैकीच एक. तिला २०२० साली महाराष्ट्राने राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केले.

पण खरे कोडे पुढे आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी आपल्या ज्वारीला घातले तर ती सुकून जाईल. मग तिवर का सुकत नाही?

करून पाहा : दोन पेल्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी घ्या. एकात ७ ग्रॅम मीठ विरघळवा. हे पाणी जवळजवळ समुद्राइतके खारे झाले. बटाट्याच्या सारख्या मापाच्या पातळ चकत्या दोन्ही पेल्यांत तासभर ठेवा. साध्या पाण्यातली चकती ताठ राहते, खाऱ्या पाण्यातली लुळी पडते.

असे का होते? पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी सहज ये-जा करते, मीठ मात्र सहजासहजी जात नाही. अशा वेळी पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाते. याला परासरण म्हणतात. समुद्राच्या पाण्यातून शुद्ध पाणी ओढून घ्यायचे तर या परासरणदाबावर मात करावी लागते, आणि तो असतो सुमारे २५ वातावरणदाब! एक वातावरणदाब म्हणजे सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. तेव्हा २५ वातावरणदाब म्हणजे २५० मीटर खोल विहिरीच्या तळाशी जाणवेल इतका पाण्याचा दाब.

आपल्या गावोगावी ‘फिल्टरच्या पाण्याचे’ जार मिळतात. त्या यंत्रात पंपाने पाण्यावर दाब देऊन ते पातळ पडद्यातून ढकलतात, त्यामुळे क्षार मागे राहतात. तिवरही बरेचसे मीठ मुळांशीच अडवतो. पण त्याच्याकडे पंप कुठे आहे? पंपाचे काम सूर्य करतो. पानांतून पाण्याची वाफ होते आणि खोडातल्या बारीक नळ्यांमधले पाणी ताणलेल्या दोरीसारखे वर ओढले जाते. १९६५ साली शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ताण मोजला. त्यांची युक्ती साधी होती. फांदी कापून भक्कम डब्यात बंद करायची, तिचे कापलेले टोक बाहेर ठेवायचे आणि डब्यातला वायूचा दाब वाढवत न्यायचा. ज्या दाबाला टोकाशी रस दिसू लागतो, तितकाच ताण आधी फांदीत होता. खारफुटीत तो ३५ ते ६० वातावरणदाब इतका निघाला. २५ पेक्षा जास्त, म्हणजे हिशेब जुळला!

तरीही थोडे मीठ आत येतेच. ते तिवर पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. फोटोत पानावर जे पांढरे कण चमकताना दिसतात ते धुळीचे नसून मिठाचे आहेत.

एका मुलाचा प्रश्न

हा फोटो चालू असताना मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. “सर, आमच्या उसाच्या खालच्या तुकड्यात जमीन पांढरी पडली आहे. तिथे हे तिवर लावले तर?”

प्रश्न फार मोलाचा होता. भारी काळ्या जमिनीला पाणी वरचेवर दिले आणि निचरा झाला नाही, तर जमिनीतले पाणी वर चढते, त्याची वाफ होते आणि क्षार वर राहतात. पिकाची अवस्था मग आपल्या बटाट्याच्या चकतीसारखी होते. जमीन ओली असूनही रोप तहानलेले राहते. पण तिवराला रोजची भरती-ओहोटी लागते, ते आपल्या शेतात रुजणार नाही. आपला उपाय वेगळा : पाणी बेताने देणे, चर काढून निचरा करणे आणि मातीची तपासणी करून घेणे. मी त्याला सांगितले, “वडिलांना घेऊन आधी माती तपासून ये. आणि त्या तुकड्याचा फोटो आजच काढून ठेव.”

फोटो कसा काढावा?

माझी एक फजिती सांगतो. मी मंडळींना पाठवलेल्या पहिल्या फोटोत फक्त एक फूल होते. त्यावर आमच्यातल्या एका जाणत्या काकांचे उत्तर आले, “फूल सुंदर आहे. पण झाड कुठे आहे?” त्या झाडाचे नाव आजही मला सांगता येत नाही. तेव्हापासून मी हे नियम पाळतो :

१. आधी पूर्ण झाड आणि त्याची जागा. मग पान (वरची व खालची बाजू), फूल, फळ आणि खोड.
२. शेजारी मोजपट्टी ठेवावी. नाण्यापेक्षा पट्टी बरी, कारण नाण्यांचे आकार बदलत असतात.
३. वाळू फार चकचकीत असते. कॅमेरा सगळ्या दृश्याची सरासरी पाहून प्रकाश कमी करतो आणि झाड काळे येते. मोबाइलच्या पडद्यावर झाडाच्या चित्राला बोट लावावे किंवा झाडावर छत्रीची सावली धरावी.
४. तारीख, गाव आणि जागा लगेच वहीत लिहावी.
५. झाड उपटू नये. फोटो हाच आपला नमुना.

चौथा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला, तेव्हा मी शाळेत होतो. दगडमातीची जड घरे कोसळली, हजारो माणसे गेली. आमच्या घरातले मोजके फोटोही ढिगाऱ्याखाली गेले. आज जुन्या वाड्याच्या दारातला कडुनिंब नेमका कुठे होता, यावर आम्हा भावंडांचे एकमत होत नाही. एक फोटो असता, मागे तारीख आणि जागा लिहिलेली असती, तर वाद मिटला असता.

किनाऱ्यावरची वेल काय, ओढ्याकाठची झाडी काय किंवा पांढरा पडत चाललेला शेताचा तुकडा काय, बदल हळूहळू होतो आणि म्हणून डोळ्यांना कळत नाही. तेव्हा घराजवळची एक जागा निवडा. दर महिन्याच्या १ तारखेला, त्याच ठिकाणी उभे राहून, त्याच दिशेने एक फोटो काढा. मोबाइल नसेल तर वहीत चित्र काढा. वर्षाअखेरी तुमच्याजवळ बारा फोटोंचा खरा पुरावा असेल.

विचार करा

१. वाऱ्याचा वेग एक तृतीयांश झाला, तर वाळू वाहून नेण्याची क्षमता साधारण किती उरेल?
२. लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी का सुटते?
३. पावसाळ्यात तिवराच्या पानांवर मिठाचे कण कमी दिसतील की जास्त? का?