पुढचे शॉकअप आणि माझं जाड ऑइल

ब्रेक दाबला की माझी दीडशे सीसीची गाडी नाक खुपसायची. मागे बायको असली तर तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टकाटक आपटायचं. उपाय नाक्यावरच्या प्रत्येकाला पाठ होता: पुढच्या शॉकअपमध्ये, म्हणजे फोर्कमध्ये, जाड ऑइल टाक. मिस्त्रीनं फोर्क ऑइलऐवजी इंजिनचं २०डब्ल्यू-५० सुचवलं. मी वर शहाणपणा करून फोर्कच्या दोन्ही पायांत पंचवीस-पंचवीस मिली जास्तच ओतायला लावलं.

गावात गाडी झकास वाटली. मी चौघांना फुकट सल्लाही दिला. मग ऑक्टोबरात भोरहून महाडकडे वरंध घाट उतरताना पावसानं उखडलेला एक पट्टा ऐन वळणात आला. पुढचं चाक खड्ड्यांत उतरायच्या ऐवजी त्यांच्यावरून टणाटण उड्या मारत बाहेरच्या बाजूला सरकायला लागलं. कठड्याच्या हातभर अलीकडे थांबलो. बघतो तर डिस्कच्या बाजूचं ऑइल सील फुटलेलं आणि ऑइल ओघळत पार डिस्कपर्यंत आलेलं. (पॅड ऑइलात भिजले की ते पुसत बसू नका, बदला.)

झालं असं, की स्प्रिंगचं काम मी ऑइलाला सांगितलं होतं. वजन पेलते ती स्प्रिंग. ऑइल फक्त तिची हालचाल आवरतं. साध्या फोर्कमध्ये ते ठरावीक भोकांतून इकडून तिकडे जातं. ब्रेक मारताना फोर्क त्या मानानं सावकाश दबतो, म्हणून तिथे जाड ऑइल गुणकारी वाटतं. खड्ड्याच्या काठावर मात्र त्याला क्षणात दबायचं असतं. तेवढ्यात जाड ऑइल भोकातून निघतच नाही आणि सगळा दणका हँडलला येतो. दबलाच, तरी उघडताना पुन्हा तेच ऑइल आडवं येतं. लागोपाठच्या खड्ड्यांत फोर्क मग आखडतच जातो. शिवाय ऑइलाच्या वर थोडी हवा असते. फोर्क पूर्ण दबत आला की तीही स्प्रिंगसारखी जोर लावते. जास्तीच्या ऑइलानं ती जागा खाल्ली, दाब चढला आणि सील गेलं.

म्हणून आधी तुमच्या वजनाखाली स्प्रिंग किती दबते ते मोजा. पुढचं चाक अधांतरी असताना धूळसील ते खालची टी (फोर्क पाईप धरणारी चौकट) हे अंतर घ्या. मग जॅकेट-हेल्मेट घालून, पाय फूटरेस्टवर ठेवून बसा. एकानं गाडी धरायची, दुसऱ्यानं मोजायचं. दोन मापांतला फरक एकूण हालचालीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका असावा. माझ्या फोर्कची हालचाल १३० मिमी आणि मी नुसता बसलो की ५२ मिमी खर्च! वजन ९२ किलो. दोष ऑइलाचा नव्हताच.

कडक स्प्रिंग मिळाली तर उत्तमच. माझ्या गाडीला मिळाली नाही, म्हणून स्प्रिंगच्या वर १२ मिमीचा पीव्हीसी तुकडा, दोन्हीकडे वॉशर लावून बसवला. फरक ४० मिमीवर आला. यानं स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर राहते. त्यामुळे जोरात ब्रेक मारला तर नाक अजूनही जातं, पण तळाला आपटत नाही. फोर्कचं टोपण उघडताना तोंड बाजूला ठेवा, खाली स्प्रिंग दाबलेली असते.

ऑइल आता पुस्तकातल्याच ग्रेडचं. पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, पाईपच्या तोंडापासून पट्टीनं मोजायची आणि दोन्हीकडे सारखी ठेवायची. ओतलेल्या मिलीवर विसंबू नका, जुनं थोडं आत राहतंच. आणि हे सगळं करण्याआधी टायरची हवा आणि कोनसेट (हँडलचे बेअरिंग) तपासा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असं माझं मत.

उरलेलं २०डब्ल्यू-५० गेटच्या बिजागऱ्यांना घातलंय. गेट आता आवाज करत नाही.