अल्प खर्चात नीटनेटका पोशाख

पोशाखाचा विषय आपल्या सभांत सहसा दोनच प्रसंगी निघतो. एक, कोणी तरुण भडक सदरा घालून आला म्हणजे; आणि दुसरा, लग्नाचे कर्ज फिटेनासे झाले म्हणजे. दोन्ही वेळी उपदेश एकच होतो, की साधे राहा. हा उपदेश खोटा नव्हे, पण अपुरा आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांस चांगले वस्त्र अंगावर घेण्याचीच बंदी होती, त्यांना तो जसाच्या तसा ऐकविणे आम्हांस थोडे निष्ठुरपणाचेही वाटते. म्हणून ह्या पाठात हा विषय जरा मुळापासून घेऊ.

१९२७ सालच्या डिसेंबरात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्य मानलेल्या समाजातील स्त्रियांपुढे भाषण केले. त्यात पोशाखाची गोष्ट त्यांनी मुद्दाम काढली. लुगडे आखूड नेसण्याची रीत आणि चांदीकथलाचे जड दागिने ही अस्पृश्यतेची ओळख पटविणारी खूण आहे, ती टाकून द्यावी, असे त्यांनी सांगितले. त्याबरोबर त्यांचे असेही म्हणणे होते की वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असावे. त्यानंतर चळवळीस साहाय्य करणाऱ्या चित्रे व टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी ह्या भगिनींस लुगडे नव्या रीतीने नेसावयास शिकविले. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. येथे नवे वस्त्र विकत घ्यावे लागले नाही. वस्त्र तेच, नेसण्याची तऱ्हा मात्र बदलली.

त्रावणकोर संस्थानातील हकीकत ह्याहून जुनी आहे. तेथील नाडार स्त्रियांस छाती झाकण्याची मनाई होती. मिशनच्या मंडळ्यांतील स्त्रिया अंगात कुडते घालू लागल्या तेव्हा त्यांस मारहाण झाली, कपडे फाडण्यात आले. १८५९ साली राजाच्या जाहीरनाम्याने मोकळीक मिळाली, तीही उच्चवर्णीय स्त्रियांची पद्धत उचलू नये ह्या अटीवर! अंगावरच्या वीतभर कापडाची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही, ती अशी. महात्मा गांधींनी १९२१ साली मदुराईस पंचा नेसण्याचे ठरविले, आणि डॉ. आंबेडकर सुटाबुटात वावरले. ह्यांत विरोध दिसतो खरा. पण ज्याच्यापाशी वस्त्र आहे त्याने ते टाकणे वेगळे, आणि ज्याला ते नाकारले गेले त्याने ते घालणे वेगळे.

हा प्रश्न आज कसा उभा आहे हे पाहावयाचे असेल तर आळंदीस जावे. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतील मुले तेथे पांढऱ्या वेशात दिसतात. कापड साधेच, पण धुतलेले असले म्हणजे किती शोभते! त्याच रस्त्याने चाकणच्या कारखान्यांकडे जाणारे तरुणही दिसतात. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली, खोली भाड्याने घेऊन राहणारी ही मुले. कामावर कंपनीचा गणवेश असतो, म्हणून सुटीच्या दिवशी आपण कोणी आहोत हे दाखविण्याची त्यांची हौस आम्ही समजू शकतो. अडचण एवढीच, की तो सदरा आता मोबाइलवर हप्त्याने मिळतो. सदरा विटतो, हप्ता चालूच राहतो. ज्या वस्त्राने मान ताठ व्हावयाची त्यानेच ती सावकारापुढे खाली जाते.

तेव्हा थोड्या पैशांत चांगले दिसावे कसे? पहिली गोष्ट अंगाला बसण्याची. स्वस्त सदरा अंगासरसा असेल तर तो महाग पण ढगळ सदऱ्याहून शोभतो. विकत घेताना खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर येते की नाही हे पाहावे. कमर आणि लांबी शिंप्याकडून सहज कमी करता येते, खांदा दुरुस्त करणे अवघड व खर्चाचे. मुलांचे कपडे व चोळी शिवविताना शिलाईत माया सोडावयास सांगावी, म्हणजे अंग भरले तरी वस्त्र टाकावे लागत नाही. कोरे सुती कापड शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, नाही तर पहिल्या धुण्यासच ते आटते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. समजा, ३०० रुपयांचा सदरा १५ वेळा घालून विटला, तर एका वेळेस २० रुपये पडले. ७५० रुपयांचा सदरा १५० वेळा टिकला, तर ५ रुपये. स्वस्त कोणता, हे आमच्या वाचकांनीच सांगावे. गडद निळी व राखाडी अशा दोन विजारी आणि दोन्हींवर चालतील असे फिक्या रंगाचे चार सदरे असले, तर आठ जोड होतात. स्त्रियांनी तीन साड्यांवर चालेल असा एक साधा पोलका शिवावा.

धुण्याविषयी इतकेच, की रंगीत कपडा उलटा करून सावलीत वाळवावा. भाताच्या पेजेची खळ दिलेले सुती वस्त्र इस्त्रीनंतर नव्यासारखे दिसते. (इंद्रायणीत धुणे नेऊ नये. अलीकडे आळंदीस नदीवर वारंवार फेस तरंगताना दिसतो. त्यात आपल्या साबणाची भर कशाला?) वेल्डिंग किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी मात्र पॉलिस्टर अंगात घालूच नये. ते वितळून कातडीस चिकटते. तेथे सूतच पाहिजे, मग ते जुने का असेना.

लग्नाचा कपडा हे सर्वांत मोठे भगदाड. आळंदी हे थोडक्यात लग्न उरकण्याचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. पण कार्यालयात वाचविलेला पैसा पुष्कळदा शेरवानीत जातो, आणि ती शेरवानी पुन्हा अंगावर चढत नाही. ती भाड्याने आणण्यात कसली लाज? आपल्या अनेक मंडळ्यांत वधूस पांढरी साडी नेसविण्याची चाल आहे. ती सुती किंवा रेशमी घ्यावी, म्हणजे पुढे रंगाऱ्याकडून रंगवून सणासुदीस नेसता येते. पॉलिस्टरवर साधा रंग धरत नाही, ती साडी पेटीतच राहते. बहिणीची किंवा जावेची साडी मागून नेसणे तर आमच्या मते सर्वांत उत्तम.

मंडळीच्या कारभाऱ्यांसही एक सांगणे आहे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आणि मळकट वस्त्रांतला दरिद्री मनुष्य एकाच सभेत येतात. त्यांस बसावयास कोठे सांगितले, तो भाग वाचून आपल्या सभेतल्या सतरंज्या व खुर्च्या कोणासाठी मांडल्या जातात हे पाहावे. खुर्ची कपडे पाहून मिळत असेल तर हप्त्याच्या सदऱ्याबद्दल पोरांस बोल लावण्यात अर्थ नाही.

हा पाठ घेणाऱ्या शिक्षकांनी पुढील सभेस प्रत्येकास घरातील एक फाटका किंवा उसवलेला कपडा आणावयास सांगावे. सुया, पांढरा व काळा दोरा आणि थोडी बटणे मंडळीच्या खर्चाने आणावी. गावातील शिंपी मंडळीचा असो वा नसो, त्याला मानाने बोलवावे, आणि सदऱ्याची झिजलेली कॉलर उसवून उलटी कशी लावावी हे सर्वांसमक्ष दाखवावयास सांगावे. पुरुषांनीही सुई हाती घ्यावी. जे कपडे दुरुस्तीपलीकडे गेले असतील ते बोहारणीस देण्यापूर्वी त्यांची बटणे काढून ठेवावी, आणि मऊ सुती लुगडी गोधडीसाठी वेगळी करावी.